बाबागाडीतलं दळण

आमच्या शाखेत कॅश काउंटरवर बसणारा एक तरुण मध्यंतरी माझ्या टेबलाशी आला आणि इकडेतिकडे बघत त्याने खिशातून एक कागद काढला. बँकेत कोणी असा इकडेतिकडे बघून कागद काढला की तो जामीन राहण्याचा फॉर्म असतो, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो आहे. म्हणून मी घाईघाईने हरवलेला चष्मा शोधायला लागलो. चष्मा नाकावरच होता. पण तो फॉर्म नव्हता, यादी होती. त्याच्या घरी पाळणा हलायचा होता, आणि त्याआधी काय काय आणायचं याची चांगली ५४ कलमी यादी नवरा-बायकोने मिळून केली होती.

"सर, तुम्ही यातून गेलेले आहात. काही राहिलंय का, बघता?"

मी वाचायला लागलो. दुधाच्या बाटल्या. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र. निर्जंतुक झालेल्या बाटल्या निथळत ठेवायचा स्टँड. बाळाला पुसायचे ओले रुमाल, आणि ते रुमाल कोमट ठेवायचं यंत्र. आंघोळीच्या पाण्यात सोडायचं बदकाच्या आकाराचं थर्मामीटर. रांगताना गुडघे सोलवटू नयेत म्हणून गुडघ्यांच्या टोप्या.

"अरे, घरात मूल येणार आहे की नवी शाखा उघडतोयस?" मी म्हटलं. तो हसला नाही. पहिलटकर बापांना विनोद कळत नाही. मलाही कळत नसे.

कारण २०१० साली, आमचे चिरंजीव व्हायच्या सुमारास, अशीच यादी घेऊन मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात शिरलो होतो. पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाला वस्तू विकत नाही, फार तर नेऊ देतो, अशी आमच्या शहराची कीर्ती आहे. बाळाच्या वस्तूंचं दुकान मात्र याला अपवाद. तिथे आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. पाणी दिलं. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला दुकानात पाणी मिळालं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. किंमत ऐकून मी जरा घुटमळलो की तो विक्रेता एकच वाक्य बोलायचा, "घ्या साहेब, बाळापेक्षा पैसा मोठा आहे का?"

आता याला काय उत्तर देणार? किंमत वाढली की मागणी घटते, हे बी. कॉम.च्या तीन वर्षांत माझ्याकडून वहीभर आलेख काढून पाठ करून घेतलं होतं. या दुकानात तो नियम उलटा टांगला होता. स्वस्तातली वस्तू उचलली की वस्तू राहते बाजूला, बापच स्वस्त ठरतो.

मी नोंद ठेवणारा माणूस आहे. त्या काळातली वही अजून माझ्याकडे आहे. बाळाच्या नावे एकूण खर्च १८,७४० रुपये. तेव्हाचा माझा हातात पडणारा महिन्याचा पगार साधारण तेवढाच होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातली सर्वांत महाग वस्तू बाबागाडी. बाबागाडीला रस्ता लागतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गाडी खाली उतरवून पेरूगेटच्या दिशेने निघालो तर फुटपाथवर आधी तीन स्कूटर, मग विजेची डीपी, मग फुलवाली, आणि पुढे फुटपाथच नाही. रस्त्यावर उतरलो तर मागून पीएमटीची जुनी-नवी भावंडं हॉर्न देत अंगावर. शेवटी बाळ माझ्या खांद्यावर, बाबागाडी काखेत आणि हिच्या हातात पिशवी, अशी आमची वरात घरी परतली. त्यानंतर बाबागाडी दळणाला लागली. पाच किलो गहू तिच्यात अगदी ऐटीत बसतात. एकदा तर एका आजींनी वाकून, पंचा बाजूला सारून आत पाहिलं आणि विचारलं, "कोणावर गेलंय हो?" मी म्हटलं, "शरबती आहे."

दुसरी वस्तू वॉकर. आपल्याकडे पूर्वी पांगुळगाडा असे. लाकडी, तीन चाकांचा. मूल त्याच्यामागे उभं राहून तो ढकलत असे, म्हणजे उभं राहण्याचे कष्ट मुलालाच घ्यावे लागत. वॉकरमध्ये मूल मधोमध बसतं आणि पायांनी जमीन रेटत घरभर सुसाट सुटतं. त्याने मूल लवकर चालायला लागतं असा समज आहे. मुलांचे डॉक्टर सांगतात की तसं काही होत नाही, उलट जिन्यावरून कोसळण्याची, गरम भांड्यापर्यंत पोचण्याची सोय मात्र होते. कॅनडा सरकारने तर २००४ साली या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आमच्या चिरंजिवांनी त्यात बसून फक्त एक काम केलं: देवघरापर्यंत जाऊन समईतलं तेल सांडलं. चालायला ते शिकले स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्याला धरून. डबा फुकट होता.

तिसरी राईची उशी. डोकं गोल होण्यासाठी. आता डॉक्टर म्हणतात, पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवा, उशी नकोच, श्वास कोंडायचा धोका असतो. माझं स्वतःचं डोकं राईच्या उशीवर घडलेलं आहे. ते गोल आहे, आणि १८,७४० रुपये त्यानेच खर्च केले.

चौथ्या त्या बाटल्या. आईला दूध येत नसेल, ती आजारी असेल, बाळ तिच्याजवळ राहू शकत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचं दूध द्यावं लागतं, त्याबद्दल मला बोलायचं नाही. पण दूध येतंय की नाही हे कळायच्या आतच बाटल्यांचा संच घरात? या प्रकाराला आळा घालायला आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना नमुने फुकट वाटायला बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. गुटगुटीत बाळाचं चित्र पाहून आईबाप विरघळतात, हे सरकारलाही ठाऊक होतं म्हणायचं. मग बाकीच्या पन्नास वस्तूंवरचं बाळ आपल्याकडे बघून हसतंय, ते कशासाठी?

आता इथे आमची वडीलधारी मंडळी मान डोलावून म्हणतील, "बघा, आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." तर त्यांचाही हिशेब होऊन जाऊ द्या. त्यांची यादी दुकानात नव्हती, ती सहाणेवर होती. काजळ, गुटी, मधाचं बोट, ग्राइप वॉटर. यातलं ग्राइप वॉटर आपण आजीच्या बटव्यातलंच समजतो. वास्तविक ते १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं, आणि मूळ मिश्रणात चक्क दारूचा अंश होता. तेव्हाची बाळं शांत का झोपत, याचा वेगळा खुलासा नको. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध तर वर्षभर वर्ज्य. काजळही नको. म्हणजे आई जुनी यादी चालवत होती, मी नवी, आणि दोन्ही याद्यांच्या मधोमध ते बिचारं मूल लाल होऊन रडत होतं.

मग लागतं तरी काय? फिनलंड देशात सरकारच प्रत्येक होणाऱ्या आईला एक खोकं देतं. १९३८ साली गरीब आयांसाठी सुरू झालं, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, वेळेवर डॉक्टरकडे नाव घालायचं. आत कपडे, पांघरुणं, छोटी गादी. आणि खोकं रिकामं झालं की गादी त्यातच घालायची, झाला पलंग! आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी सुमारे २००० रुपयांच्या वस्तूंचा संच देण्याची योजना आणली. कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर, नखं कापायचं यंत्र, असल्या साध्या वस्तू. लसी तर महापालिकेच्या दवाखान्यात फुकटच टोचून मिळतात. रुमाल कोमट ठेवायचं यंत्र कुठल्याच सरकारला सुचलेलं नाही.

मग माझे १८,७४० रुपये गेले कुठे? इतकी वर्षं मी ते बाळाच्या नावे दाखवत आलो. ती नोंद खोटी आहे. आज ती दुरुस्त करतो.

त्या काळी बँकेत बापाला बाळंतपणाची रजा नव्हती. पंधरा दिवसांची मिळू लागली ती २०१५ च्या करारानंतर. मी पाचव्या दिवशी कामावर हजर झालो आणि भेटेल त्याला म्हणत होतो, "काय करणार, नियमातच नाही!" पण माझ्या खात्यावर १३० दिवसांची हक्काची रजा शिल्लक होती. ती मी मुंजीसाठी राखून ठेवली होती. मूल पाच दिवसांचं, मुंजीला आठ वर्षं अवकाश, पण रजा राखीव! खरं सांगायचं तर पाचव्या दिवशी काउंटरवर बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. घरी बाळ दर दोन तासांनी उठत होतं, हिचे डोळे खोल गेले होते, आईचे गुडघे दुखत होते, दुपट्यांचा ढीग पडला होता. आणि मी संध्याकाळी घरी येताना रोज काहीतरी विकत घेऊन येत होतो. खुळखुळा आणायचो, कधी बाळाचं नेलकटर, कधी ते बदक. वस्तू दारात ठेवली की आपलं कर्तव्य झालं असं वाटे.

एका संध्याकाळी मी बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र घेऊन आलो. हिने खोक्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "हे परत करता येईल का? आणि त्याच्या बदली तुम्ही एक रात्र याला घ्याल का? मला सलग चार तास झोपायचंय."

यंत्र परत झालं नाही. त्या दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पुणेरी पाटी मात्र होतीच.

म्हणून माझं सगळ्या नवीन बापांना, आणि त्याहून जास्त बारशाला जाणाऱ्या मंडळींना, हात जोडून नव्हे, टेबल आपटून सांगणं आहे. शून्य ते तीन महिन्यांची झबली नेणं बंद करा. आमच्याकडे चौदा संच आले, त्यातले नऊ घडी न मोडता लहान झाले. त्याऐवजी पोळीभाजीचा डबा न्या. तासभर बाळ मांडीवर घ्या आणि आईला आत जाऊन झोपू द्या. बाळाला दूध लागतं, मऊ जुनं धोतर लागतं, लस लागते, आणि जागं राहणारं दुसरं माणूस लागतं. शेवटची वस्तू लक्ष्मी रोडवर मिळत नाही, म्हणून तिच्या ऐवजी बाकीचं सगळं विकलं जातं.

त्या तरुणाची यादी मी लाल शाईने तपासली. ५४ पैकी ४५ कलमं खोडली. खाली एकच कलम वाढवलं: 'रजेचा अर्ज, पंधरा दिवस, शिवाय शिल्लक हक्काची.' अर्ज माझ्यासमोर लिहून घेतला.

परवा तो रजेवरून परत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. नोटा मोजताना दोनदा चुकला. मी विचारलं, "कसं काय?" तर म्हणाला, "सर, बँकेत बरं वाटतंय."

मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमच्याकडची ती बाबागाडी पडून असेल ना? नवी नाही घेत, तुमचीच द्या."

मी म्हटलं, "नाही रे देता येणार. रोजच्या वापरातली आहे."