जल्लोष हवा, दाखला नको

भारत जिंकला की आपल्या मोहल्ल्यांत फटाके वाजतात. त्यात आनंद किती आणि भीती किती, हे आपण एकदा स्वतःला विचारायला हवे.

देशाच्या विजयाचा अभिमान गैर नाही. पण अभिमानाला काही हक्क लागतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात गावाचा पैसा होता, म्हणून गावाचा अभिमान खरा होता. आम्ही काय दिले? दापोड्यात शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. मुले ट्रकांच्या रांगांतून वाट काढत चेंडूमागे धावतात. त्यांच्यासाठी मैदान मागायला कुणी पुढे येत नाही, विजयाच्या मिरवणुकीला मात्र सगळे येतात.

आमच्यासाठी तर हा अभिमान परीक्षाच झाला आहे. २०११ च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानने २१ बळी घेतले, तेव्हा तो सर्वांचा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला. हरले अकरा जण, पण शिव्या खाताना धर्म निघाला एकट्या मोहम्मद शमीचा. त्याच शमीने २०२३ मध्ये वानखेडेवर उपांत्य सामन्यात ७ बळी घेतले आणि तो पुन्हा देशाचा झाला. बळी मोजून मिळणारे हे आपलेपण कसले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सामन्यानंतर मालवणात एका पोराने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडण्यात आले. पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच बजावले होते. घोषणा खरी असेल तर कायदा आहे, न्यायालय आहे. क्रिकेटच्या सामन्यावरून कुणाची रोजी हिरावणे ही कुठली देशभक्ती?

आमचा सवाल आपल्या पुढाऱ्यांनाही आहे. प्रत्येक विजयानंतर तिरंगा घेऊन छायाचित्रे काढायची आणि वर्तमानपत्रांना पाठवायची, हे कशासाठी? असा पुरावा एकदा दिला की पुढच्या सामन्याला तो पुन्हा मागितला जातो. वतनाची मोहब्बत सिद्ध करावी लागत नाही. इथे करघा चालवणारा, गोदामात पोती उचलणारा, वर्गात फळ्यासमोर उभा राहणारा ती रोज जगतो.

सामना आवडला तर मनापासून टाळ्या वाजवा. नाही आवडला तर निवांत झोपा. आणि फटाक्यांचा पैसा उरला, तर पोरांच्या मैदानासाठी जमा करा. उद्या त्यांतला एखादा जिंकला, तर अभिमानावर आपला हक्क असेल.