कारावासातलं आजोळ

आमच्या सूनबाईंचं आजोळ कारावासात आहे, असं मी सांगितलं तेव्हा शेजारच्या वहिनींचा हात तोंडावरच गेला. दोष माझा नाही. ग्रीसच्या दक्षिणेला कीथिरा नावाचं बेट आहे आणि त्याच्या उत्तरेकडच्या एका गावाचं नावच मुळी कारावास!

या सदराच्या जुन्या वाचकांना सूनबाई ठाऊक आहेतच. जन्म सिडनीचा, मराठी मोडकंतोडकं, पण 'आई' म्हणताना कधी अडखळत नाही. २०२४ च्या जुलैत चिरंजीव, सूनबाई, नातू आणि आम्ही दोघं तिच्या आजीचं घर शोधायला निघालो. नेआपोलीच्या धक्क्यावरून बोटीनं तासा-सव्वा तासात बेट गाठलं. दुसऱ्या दिवशी काटूनीचा तेरा कमानींचा दगडी पूल पाहिला. इंग्रजांनी १८२६ साली बांधलेला. "म्हणजे इथेही होतेच का!" हे म्हणाले. होते, १८६४ पर्यंत होते.

इथली माणसं पोटामागे ऑस्ट्रेलियाला गेली आणि न्यू साउथ वेल्सच्या खेड्यापाड्यांत त्यांनी उपाहारगृहं काढली. सूनबाईंच्या आजोबांचंही एक होतं. गंमत अशी की तिथे ग्रीक पदार्थ नावालाही नसे. गिऱ्हाइकाला हवी तळलेली मासळी, अंडी आणि आइस्क्रीम. घरचं जेवण मागच्या दारी, दुकान बंद झाल्यावर.

कारावासात आडनाव सांगितलं, तर बेकरीवाल्या आजीबाई हसल्या. त्या आडनावाची घरं गावात पैशाला पासरी! म्हणून कीथिरात प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं, त्याला 'पारात्सूक्ली' म्हणतात. ते सांगा, म्हणजे घर सांगते. सूनबाईंना कुठलं माहीत असायला? तोंड एवढंसं झालं. मग एकदम म्हणाली, "आजोबांना त्यांचे मित्र एक शब्द म्हणायचे. मला वाटायचं शिवी आहे." तिनं तो उच्चारला आणि आजीबाईंनी काउंटरवर थाप मारली. तो शब्द मी इथे देत नाही. घराणं नांदतं आहे.

आजीबाईंनी घराची वाट सांगितली आणि ऑलिव्हच्या तेलातल्या दोनदा भाजलेल्या पावाची पिशवी हातात कोंबली. आपल्या बटराची ही थोरली बहीण. आमच्या ह्यांनी ती चहात बुडवली आणि परदेशात आल्यापासून प्रथमच समाधानाचा सुस्कारा टाकला.

घर म्हणजे चार भिंती. छप्पर कोसळलेलं, कोपऱ्यात भट्टी तेवढी शाबूत, आणि अंगणभर रानटी पालेभाजी माजलेली. मी वाकून पान खुडलं. माठ! अगदी आपला मंडईतला माठ. "अगं, हे बघ," मी म्हटलं, तर सूनबाई जागच्या जागी उभी.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. बारा वर्षांत तिनं माझ्या माठाच्या भाजीला बोट लावलेलं नाही. चमच्यानं हळूच ताटाच्या कडेला सारते. आमच्या जेवणाला नाक मुरडते, असं मी मनात धरलं होतं. बोलले नाही, पण वाढताना भांडं जरा जोरातच आपटत असे.

"आजी हेच गोळा करायची," ती म्हणाली. "रेल्वेच्या कडेला, रस्त्यावर, पिशवी घेऊन. शाळेतल्या मुली म्हणायच्या, हिची आजी गवत खाते. मी तिच्या मागे दहा पावलं राहायची, आई. ओळख नाही असं दाखवायची."

त्या भाजीला इथे 'व्लीता' म्हणतात. उकडायची, पाणी निथळायचं, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. खानावळीत ताटभर मिळते आणि लोक माशाबरोबर मिटक्या मारीत खातात. गवत म्हणे!

पदर नव्हता म्हणून आम्ही दोघींनी नातवाच्या टोपीत भाजी खुडली. भाड्याच्या बिऱ्हाडी तिनं अर्धी तिच्या आजीसारखी उकडली. अर्धीला मी लसणाची फोडणी दिली; मोहरी मी घरून डबीत नेली होती. हे म्हणाले, "सात समुद्र ओलांडून आलो, तो माठ खायला!" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

सूनबाईंनी आधी आजीची भाजी खाल्ली. सावकाश, मान खाली घालून. मग माझं पातेलं पुढे ओढलं आणि पोराला म्हणाली, "तुला हवी असेल तर आत्ताच घे."

पोरानं मान हलवली. पातेलं तिनं पावानं पुसून घेतलं.