भरवशाचा दंड कोण भरतो?

आपल्या तरुण पोरांच्या तोंडी एक शब्द फार सैल सुटलाय. बाटगा. नगर जिल्ह्यातल्या (कागदावर आता अहिल्यानगर, वस्तीकडं जाणारा रस्ता मात्र होता तसाच) कितीतरी गावांत एकाच भावकीतली निम्मी घरं निळ्या झेंड्याची आणि निम्मी क्रुसाची आहेत. आडनाव एक, आज्जा एक, उकिरडाही एक. आणि विहाराच्या ओट्यावर बसून आपलं पोरगं समोरच्या चुलत्याला ऐकू जाईल असं बोलतं, 'म्हाताऱ्यांनी गव्हासाठी देव बदलला.'

हे वाक्य आपलं नाही. ते वाड्याच्या ओसरीवरून खाली फेकलेलं आहे. उष्टं खायचं आपण १९५६ ला सोडलं, हे उष्टं मात्र अजून चघळतोय.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो सगळ्या महाराष्ट्राने खाल्ला. रेशनच्या रांगेत कोण नव्हतं? त्या रांगेतल्या कुणाला कुणी बाटगा म्हणालं काय? भूक सगळ्या जातींना लागते, पण लाज फक्त महारामांगाच्या भुकेला चिकटवतात.

आता दुसरीकडं बघा. नारायण वामन टिळक. ब्राह्मण, कवी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन राहिले, अमेरिकन मिशनचं काम केलं. लक्ष्मीबाईंनी १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. घ्यावीच, बाई मोठी होती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. तेव्हापासून मराठी माणूस मान डोलावतोय : काय ही श्रद्धा, देवाच्या भरवशावर जगणारा माणूस!

मी टिळकांची टवाळी करायला बसलो नाही. पण पगार सोडायला आधी पगार लागतो. आणि ब्राह्मणाने धर्म बदलला की तो आत्म्याचा शोध होतो, महाराने बदलला की पोटाचा. असं का? महाराला आत्मा नव्हता, की ब्राह्मणाला पोट नव्हतं?

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं टाकलं. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच निघाला. मिस फॅरार बाईंची मुलींची शाळाही इथलीच. ती पाहून जोतीरावांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं, आणि सावित्रीबाई शिकवण्याचं शिक्षण घ्यायला याच बाईंकडं आल्या. म्हणजे आपल्या चळवळीच्या मुळाला थोडी माती नगरच्या मिशन कंपाउंडातली आहे. कुणाला आवडो न आवडो.

त्या काळात महाराने बाप्तिस्मा घेणं म्हणजे काय होतं? पाण्यात डोकं बुडवून घरी येणं नव्हतं. मेलेलं ढोर ओढणार नाही, मरीआईपुढं नाचणार नाही, जोहार घालणार नाही असं गावाला तोंडावर सांगणं होतं. असं सांगितलं की बलुतं बंद. खळ्यावरचा वाटा बंद. मिशनने मास्तरकी दिली ती मूठभरांना. बाकीच्यांनी काय खाल्लं? उद्याची भाकरी कुठून येणार ठाऊक नसताना आजची लाचारी सोडून दिली. मला वाटतं भरवशावर जगणं म्हणतात ते हे, आणि ते ज्यांनी केलं त्यांचं नाव कुठल्याही साहित्याच्या इतिहासात नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांचे आकडे वाढले, हे लपवायचं कारण नाही. ज्याने मरताना भाकरी दिली त्याचा देव बरा वाटला, यात लाजिरवाणं काय आहे? गावाच्या देवाने तोवर काय दिलं होतं?

आता पाळकांकडं वळतो. नाहीतर म्हणाल, हा त्यांचाच झाला.

माझी आत्या क्रुसाच्या बाजूची. तिचा थोरला ऊसतोडीला जातो. एका हंगामाची उचल फिटली नाही, म्हणून मुकादमाने बैलजोडी नेली. त्यांच्या मंडळीचा पाळक घरी आला. गुडघे टेकून प्रार्थना केली, म्हणाला, 'धीर धरा आत्याबाई, प्रभू सगळं बघतोय.' आणि उठताना दशांशाची आठवण करून गेला. आत्या मला सांगत होती, 'आरं, प्रभू बघतोय ते मला ठावं हाये. पर मुकादमबी रोज दारात उभा ऱ्हाऊन बघतोय की!' ती पहाटे उठून प्रार्थना करते आणि दहाच्या आत तहसील कचेरीच्या पायरीवर जाऊन बसते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असं तिला कधी वाटलंच नाही. पाळकाला वाटतं. अर्ज करणारी, मोर्चात जाणारी बाई त्याला विश्वासात कच्ची दिसते.

बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी सविस्तर लिहून ठेवलंय. महाराष्ट्र शासनाने ते १९८९ साली इंग्रजी खंडांपैकी पाचव्यात छापलं. मिळवून वाचा. तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्याच पापात आहे असं माणसाला शिकवलं की तो गावाकडं बोट दाखवायचं विसरतो, असा त्यांचा रोख आहे. आणि धर्म बदलला तरी जात चर्चच्या पायरीवर चपलेसारखी काढून ठेवता येत नाही, हेही त्यांनी बजावलंय. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती सोयरीक जुळवताना आजही हळूच विचारतात, 'मूळचे कोण?' महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती एका पुस्तकातून गातात, पण मुलगी देताना दोघांचे रस्ते फुटतात.

आणि हा भरवसा बायबलमधला तरी आहे का? मोशे मिसर देशात विटा पाडणाऱ्या गुलामांना घेऊन निघाला. 'धीर धरा, फारो बघून घेईल' असं तो म्हणाला असता, तर त्यांची नातवंडं-पतवंडंही विटाच पाडत बसली असती. पाळकांनी हा भाग रविवारी जरा मोठ्याने वाचावा.

पण दोस्तहो, पाळकाला झोडपणं सोपं आहे. आपल्याकडं कोण बोट दाखवणार?

१० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. परिच्छेद तीन. हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून दाराबाहेर. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्त्याला इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, तेवढ्यावर तोंड पुसायचं. माणूस देवच मानत नसेल, देवळाची पायरी चढत नसेल, तरी कागदावर हिंदू असला की भागतं. येशूचं नाव घेतलं की जात गेली! गावाने जात सोडली नाही, सोयऱ्यांनी सोडली नाही, फक्त सरकारने सोडली.

म्हणून काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी योहान, सोमवारी शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. आपण याला ढोंग म्हणतो. हे ढोंग त्याने शोधलेलं नाही, दिल्लीने त्याच्या गळ्यात बांधलंय.

मद्रासचा एक चांभार, रस्त्याकडेला बसून जोडे शिवणारा. सरकार अशा लोकांना टपऱ्या देत होतं, याला दिली नाही, कारण हा ख्रिस्ती. १९८५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, नव्या धर्मातही तीच हलाखी तशीच राहते हे दाखवून द्या. रस्त्यावर बसलेल्या चांभाराने अजून काय दाखवायचं? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेद काढून टाका असं लिहून दिलं. सरकारने ते बाजूला ठेवलं आणि २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. एका आयोगाचं उत्तर आवडलं नाही की दुसरा नेमायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईचा कारकुनीच्या जागेसाठीचा दाखला सुप्रीम कोर्टाने नाकारला. ती नेमाने चर्चला जाते, हे तिच्या विरोधात धरलं गेलं. २०२५ मध्ये आंध्रच्या हायकोर्टाने एका पाळकाची ॲट्रॉसिटीची केस काढून टाकली : ख्रिस्ती झालास, आता तो कायदा तुझा नाही.

हे दूरचं वाटतं? श्रीरामपूर विधानसभा राखीव आहे. शिर्डी लोकसभा राखीव आहे. त्याच पट्ट्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, क्रूस घेतलेली आपलीच माणसं लोटतात. त्यांनी मत द्यायचं. त्या जागेवर उभं राहायचं नाही. आणि याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. दोर बांधणाऱ्याने कुणाच्या गळ्यात क्रूस आहे का ते बघितलं असतं काय? पोलीस ठाण्यात मात्र ते बघतील, आणि कलम लावायचं की नाही ते त्यावर ठरेल.

मी देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत आणि मी त्या पाळतो. पण देव मानण्याचा दंड या देशात फक्त दलितालाच का? ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याचं काय जातं?

आपले काही जण म्हणतात, 'ते आत आले तर आपल्या ताटातलं कमी होईल.' १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं दिल्लीने आपल्यालाही असंच दाराबाहेर उभं केलं होतं. महाराष्ट्राने सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. आपल्या बापांनी नागपूरला दीक्षा घेताना सवलतीचा हिशेब केला नव्हता, असं आपण छाती काढून सांगतो. तो जर त्याग, तर आत्याच्या सासऱ्याने केला तो काय? आणि ताटाचंच म्हणाल, तर त्यांची संख्या मोजून जागा वाढवून मागा. आयोगापुढं जाऊन हे सांगायला आपल्याला कुणी अडवलंय?

बिशपांनाही एक सांगायचं आहे. व्यासपीठावर म्हणायचं, ख्रिस्तात जात नाही, आणि दिल्लीला अर्ज करायचा, आमच्यात दलित आहेत. सरकार तुमचं पहिलं वाक्य उचलून दुसऱ्याच्या तोंडावर मारतं. आधी आपल्या मंडळीत जात आहे हे उपासनेत उभं राहून बोला. मग आम्ही तुमच्या अर्जावर सह्या करायला येतो.

दर १० ऑगस्टला दलित ख्रिस्ती काळा दिवस पाळतात. आपल्या तालुक्यात त्या दिवशी निवेदन द्यायला कोण जातं याची मी चौकशी केली. दोन पाळक, काही म्हाताऱ्या बाया, कॉलेजातली चार पोरं. आत्या जाते. निळी टोपी एकही नाही. यंदा मी आत्याबरोबर जातोय, पोस्टर आम्ही घरीच लिहिणार आहोत. कुणाकडं पांढरा कागद आणि शाई असेल तर आदल्या रात्री घेऊन या.

जयभीम.