गुडघ्याची नोंद आहे, कमरेची नाही

आमच्या मशिदीत शेवटच्या रांगेत भिंतीला लागून चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. जुम्म्याला त्यातल्या एका खुर्चीवर बसून माझे चाचा नमाज पढतात. त्यांना सज्दा करता येत नाही. फौजेत असताना गुडघा दुखावला, लष्करी इस्पितळात ऑपरेशन झालं. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने त्या गुडघ्याची नोंद घेतली आणि डिसॅबिलिटी पेन्शन सुरू झाली. इथपर्यंत तक्रार नाही.

पण ऑपरेशन झालेला पाय सांभाळत माणूस वीस वर्षं लंगडत चालला, तर सगळा भार दुसऱ्या पायावर आणि कमरेवर येतो. चाचांचा दुसरा गुडघा गेला, मग मणका. दुखणं थांबावं म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या. आता डॉक्टर म्हणतात, किडनी जपा. हे सगळं घेऊन ते कार्यालयात गेले, तेव्हा उत्तर मिळालं, "गुडघ्याची नोंद आहे, कमरेची नाही. ही वयाची दुखणी आहेत."

असेलही वयाचं. साठीनंतर शेतकऱ्याचीही कंबर दुखते. पण वयाचं किती आणि जखमेचं किती, हे जुनी फाइल समोर ठेवून डॉक्टरने ठरवायचं असतं. टेबलामागच्या बाबूने नव्हे.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी याचा नियमच आहे. सेवेतली म्हणून मान्य झालेल्या दुखापतीमुळे पुढे दुसरा आजार जडला, तर तोही सेवेशी जोडलेला धरतात. दोन्ही बाजूंचे पुरावे समसमान असतील, तर शंकेचा फायदा सैनिकाला मिळतो. तिथेही दावे सहज मंजूर होत नाहीत, डॉक्टरचं कारणांसह मत लागतं. पण निदान बोट ठेवायला नियम आहे.

आपल्याकडे 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठी गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे जडला असं गृहीत धरावं. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळावा. तो खटला सेवेत असताना जडलेल्या आजाराचा होता. निवृत्तीनंतर वाढलेल्या दुखण्यांना तो आपोआप लागू होत नाही. पण त्यामागचा न्याय इथेही तोच असायला हवा. मूळ जखम सरकारने मान्य केली असेल, तर तिच्यातून निघालेली दुखणी त्याच खात्यात मांडली पाहिजेत.

तोवर घरात कोणी माजी सैनिक असेल, तर एवढं करा. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, काही फेकू नका. डॉक्टरकडून नुसतं आजाराचं नाव नको, तो जुन्या दुखापतीतून आला असं वाटत असेल तर का, हेही लिहून घ्या. फेरतपासणीच्या अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागा. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

आम्हा मुसलमानांना देशावरच्या प्रेमाचा पुरावा मागणारे अधूनमधून भेटतात. चाचा त्यांच्याकडे बघून हसतात आणि पुढे जातात. कमरेचा पुरावा मागणाऱ्या टेबलासमोर मात्र त्यांना हसता येत नाही, तिथे तासभर उभं राहावं लागतं.

परवा मी नवा अर्ज लिहीत होतो. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं शेवटी घातलं. चाचांनी ते वाक्य खोडायला लावलं. म्हणाले, "खैरात नको बेटा, हिशेब पाहिजे."