गाळाचा ताळेबंद

राजापूरच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला वेधशाळेच्या अंदाजापेक्षा जवाहर चौकातलं पाणी जास्त कळतं. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या शहराला बिलगून वाहतात. जुलैत दोन दिवस धो धो कोसळला की पाणी पेठेत शिरतं आणि खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढतो. याच गावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि व्यापारी गलबतं खाडीतून वर येत असत. पुढे खाडी गाळाने भरली, बंदर गेलं. आता तोच गाळ पूर आणतो, असं सगळे म्हणतात.

‘म्हणतात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पूर गाळाने किती येतो, काठावरच्या बांधकामांनी किती आणि उधाणाच्या भरतीने पाणी अडून राहिल्याने किती, याचा हिशेब भावनेने होत नाही. तो मोजूनच करावा लागतो, आणि अशी मोजमापं घेऊन त्यांवर प्रयोग करणारं मोठं घर आपल्याच राज्यात आहे. पुण्याहून सिंहगडाच्या सहलीला निघालेले आपण सगळे त्याच्या फाटकासमोरून गेलेलो असतो. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचनाच्या कामासाठी ते छोट्या प्रमाणात सुरू झालं. आज देशभरातली धरणं, बंदरं आणि नद्या तिथे लहान आकारात मांडून तपासल्या जातात.

मला या शास्त्रातलं सर्वांत गमतीचं वाटतं ते त्याचं गणित. एका लांबट हौदाच्या टोकाला फळी असते. ती यंत्राने पुढेमागे हलली की लाटा उठतात. पाण्यात दोन बारीक तारा उभ्या असतात. लाट चढली की तारांचा जास्त भाग भिजतो, त्यांतून जाणारी वीज बदलते आणि लाटेची उंची आपोआप नोंदली जाते. समजा, बंदराचा बांध पन्नासपट लहान केला, तर पाच टनांचा दगड तिथे अवघ्या ४० ग्रॅमचा होतो, कारण वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांनी घटतं. काळ मात्र पन्नासाच्या वर्गमुळाने आखडतो. दर दहा सेकंदांनी येणारी लाट हौदात सुमारे १.४ सेकंदांनी येते. मरीन ड्राइव्हवर आपण ज्यांच्याकडे पाठ करून शेंगदाणे खातो ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, टेट्रापॉड, हेही अशाच एका प्रयोगशाळेचं अपत्य. १९५० साली फ्रान्समधल्या ग्रनोबलला ते घडवले गेले.

दगड लहान करता येतो, गाळाचा कण मात्र तसा लहान करता येत नाही. तो पन्नासपट बारीक केला तर त्याचा स्वभावच बदलतो, तो चिकणमातीसारखा वागू लागतो. म्हणून कोळशाची पूड किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असे हलके पदार्थ वापरतात. पण हा चुरा खऱ्या नदीसारखाच वागतो आहे, हे ठरवायचं कशावरून? १८८५ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मर्सी नदीच्या मुखाची छोटी प्रतिकृती केली. तिच्यात एक अख्खी भरती-ओहोटी सुमारे ४० सेकंदांत उरकत असे. सपाट पसरलेल्या वाळूत हळूहळू खऱ्या मर्सीसारखे पट्टे आणि प्रवाह उमटले. ते तसेच आहेत हे त्यांना सांगता आलं, कारण मर्सीचे जुने सर्वेक्षण-नकाशे हाताशी होते. नकाशे नसते तर ती एक सुंदर करमणूक ठरली असती. आज संगणकावर नदी मांडतात. अडचण तीच राहते.

बँकेत असताना कर्जदाराचं स्टॉक स्टेटमेंट कितीही सुबक टाइप केलेलं असलं, तरी गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय आम्ही सही करत नसू. नदीच्या बाबतीत मात्र किती डंपर गाळ काढला एवढाच आकडा आपण ऐकतो आणि खूश होतो. राजापुरातही अलीकडच्या वर्षांत नद्यांतला गाळ काढण्याचं काम झालं. ते चांगलंच झालं. पण ही फक्त खर्चाची बाजू झाली. त्याने तळ किती खाली गेला आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत किती परत भरला, ही जमेची बाजू पेठेतल्या माणसासमोर मांडली जायला हवी. उद्या कुणी काठाने संरक्षक भिंत बांधायची म्हटली, तर तिची उंची कशावरून ठरवणार? आणि ती बांधल्यावर पाणी समोरच्या काठावरच्या कुणाच्या अंगणात जाईल?

याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जुने तांडेल दोरीला शिशाचा गोळा बांधून वावांत खोली सांगत. आता होडीला लावलेला इको साउंडर तेच काम आवाजाने करतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे तीन मीटर खोल तळाचा पडसाद सेकंदाच्या अडीचशेव्या भागात परत येतो. शहरालगतचं पात्र जिथे उन्हाळ्यात उघडं पडतं, तिथे तर सर्व्हेयरची दुर्बीण आणि खुणांची पट्टी पुरते. पुलाच्या खांबावर सेंटीमीटरच्या ठळक खुणा रंगवाव्यात. पुराच्या दिवशी दर तासाला पातळी लिहावी आणि शेजारी त्या वेळची भरती-ओहोटी. शाळेतल्या पोरांनाही जमेल असं काम आहे. मात्र पुराच्या वेळी त्यांनी ते लांबून, काठावरूनच करायचं.

पात्राचे आडवे छेद मात्र दर वर्षी त्याच ठिकाणी, त्याच खुणांवरून घ्यायला हवेत. सर्वांत बरी वेळ दसऱ्यानंतरची. पाऊस ओसरलेला असतो, त्या सालचा गाळ नुकताच बसलेला असतो आणि गाळ उपसायला यंत्रं अजून पात्रात उतरलेली नसतात. दुसरा छेद उपसा संपल्यावर, मे महिन्यात. हे दोन्ही आकडे नगरपरिषदेच्या फलकावर खडूने लिहिले तरी चालतील.