पाण्यावरची संध्याकाळ फक्त बर्थडेपुरती?

गोव्याला जाऊन आलेल्या कुठल्याही कॉलेज ग्रुपच्या फोनमध्ये एक व्हिडिओ हमखास सापडतो. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून सुटलेली बोट, मांडवीवर उतरलेली संध्याकाळ, डेकवर आधी देखणी-फुगडी आणि मग डीजे. माईकवरचा दादा ओरडतोय, ‘आता फक्त कपल्स... आता फक्त बच्चेकंपनी... आता फक्त मुलगे!’ नाचायला येत नसलेलेही नाचून घेतात. परतीच्या गाडीत मग कुणीतरी विचारतंच, "यार, आपल्या मुंबईत असं काही का नाही?"

हा प्रश्न आपण हसून सोडून देतो. खरं तर त्याचं नीट उत्तर शोधायला हवं. कारण ते शोधताना हे शहर कुणासाठी आहे, इथपर्यंत गाडी जाते.

नदी आपल्याकडेही आहे. एक नाही, चार आहेत: मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारं पाणी घेऊन मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. ही नदी आहे, नाला नाही, हे बऱ्याच मुंबईकरांना कळलं ते २६ जुलै २००५ला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरात शिरली. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा पाळण्यात असतील किंवा जन्मलेही नसतील. त्यानंतर तिचा गाळ काढण्यावर दरवर्षी पैसे खर्च होत राहिले. मे २०२५मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने याच गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा नोंदवला. आरोप कोर्टात टिकतात की नाही ते पुढे कळेल. पण ज्या नदीतला गाळ खरंच काढला का हे पोलिसांना तपासावं लागतं, तिच्यावर इतक्यात कुणी जेवणाचं टेबल मांडणार नाही.

अहमदाबादचं उदाहरण लगेच दिलं जातं. तिथे जुलै २०२३मध्ये साबरमतीवर रेस्टॉरंट असलेली क्रूझ सुरू झाली. त्या पट्ट्यात वर्षभर दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. म्हणजे आधी पाण्याची सोय, मग क्रूझची. आपल्याकडे निदान पाण्याची अडचण नाही. मुंबई तीन बाजूंनी समुद्रात आहे. अडचण वेगळीच आहे, आणि ती बघायला कॉटन ग्रीनसारखी जागा नाही.

भिंतीपलीकडचा समुद्र

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं हे स्टेशन. इथे कापूस पिकत नव्हता, साठवला जायचा. आधी फोर्टात आणि मग कुलाब्याला असलेला कापसाचा बाजार शिवडीच्या बाजूला हलवला गेला आणि ‘कॉटन ग्रीन’ हे नावही सामानासोबत आलं. याच हार्बर मार्गावरून ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली. एवढा इतिहास असलेल्या या स्टेशनच्या एका बाजूला अभ्युदय नगर, काळाचौकी, घोडपदेव अशी गजबजलेली वस्ती आहे. दुसऱ्या बाजूला गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि बंदराची हद्द.

या हद्दीच्या पलीकडे, जेमतेम एक-दीड किलोमीटरवर समुद्र आहे. मी इथेच वाढले. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना समुद्रावर जायचं असेल तर आम्ही दादर चौपाटी किंवा मरीन ड्राइव्ह गाठतो. घरामागचा समुद्र सोडून शहराच्या दुसऱ्या बाजूचा समुद्र बघायला जायचं, यात कुणाला काही विचित्रही वाटत नाही. शिवडीच्या जेटीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, तेवढाच काय तो अपवाद.

मुंबईचा पश्चिम किनारा लोकांचा आणि पूर्व किनारा बंदराचा, अशी ही जुनी वाटणी आहे. बंदर जोरात होतं तेव्हा तिला अर्थ होता. आता बरीचशी मालवाहतूक खाडीपलीकडे न्हावा-शेवाला गेली. पूर्व किनाऱ्यावरच्या या जमिनीचं पुढे काय करायचं, यावर समित्या बसल्या. डिसेंबर २०१८मध्ये पोर्ट ट्रस्टने आपल्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा काढून लोकांकडून हरकती-सूचनाही मागवल्या. तेव्हा तुम्ही शाळेत होता. आता मतदार आहात.

अटल सेतूचंही बघा. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीतूनच निघतो. समुद्रावरून जाण्याचा अनुभव घरापासून दहा मिनिटांवर आला. पण दुचाकीला आणि रिक्षाला त्यावर बंदी, आणि कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. दुचाकीबंदीला सुरक्षेचं कारण असू शकतं, ते मान्यच. पण कॉलेजातल्या ज्या मुलाकडे फार तर एक सेकंडहॅण्ड स्कूटर आहे, त्याच्यासाठी हा समुद्र पुन्हा लांबूनच बघायचा राहतो.

आजोबांची बोट

पाण्यावरचा प्रवास म्हणजे चैन, असं आपल्याला वाटतं. लालबाग-परळच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते हसतील. गिरणीत राबणारा कोकणी चाकरमानी गावाला जायचा तो बोटीनेच. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरं घेत ती खाली जायची. जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे भर समुद्रात होडीत उतरायचं, डोक्यावर ट्रंक आणि काखेत पोर. माझे आजोबा सांगायचे, डेकवर जागा धरण्यासाठी आदल्या रात्रीच वळकटी घेऊन जावं लागायचं, आणि बोट लागू नये म्हणून आजी पदराला लिंबू बांधून आणायची. डिनर म्हणजे घरून आणलेल्या भाकऱ्या आणि सुकट. सूर्यास्त मात्र तोच, जो आज पॅकेजमध्ये मिळतो.

भाऊचा धक्काही काही पर्यटनासाठी बांधलेला नव्हता. लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी तो १८४१मध्ये बांधला, तो प्रवाशांना चिखलातून बोटीपर्यंत जावं लागू नये म्हणून. रस्ते सुधारले, एसटी वाढली, कोकणची बोट बंद पडली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली तेव्हा बोटीची आठवण काढणारेही कमी झाले होते.

मधल्या काळात बोट आपल्याकडे परत आली, पण वेगळ्या कपड्यांत. आता ती यॉट असते, तिच्यावर केक कापला जातो, आणि फुग्यांच्या कमानीखाली फोटो काढतात. यात वाईट काहीच नाही. चार मैत्रिणींनी कॉन्ट्री काढून एखादी संध्याकाळ पाण्यावर घालवली तर कुणाचं काय जातं? मुद्दा एवढाच की शहराने पाण्यावर जाण्याचा तेवढाच एक रस्ता ठेवू नये. सरकारी प्रयत्नही त्याच वाटेने गेले. फेब्रुवारी २०२२मध्ये वाजतगाजत सुरू झालेल्या वॉटर टॅक्सीच्या स्पीडबोटीचं भाडं माणशी ८०० रुपयांच्या पुढे होतं. रोज कॉलेजला किंवा ऑफिसला जाणारं कोण त्यात बसणार?

कोचीने उलटं केलं. तिथली वॉटर मेट्रो एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, तिकीट २० रुपयांपासून ४० रुपयांपर्यंत. बेटांवरची माणसं कामावर जायला ती वापरतात आणि पर्यटक सूर्यास्त बघायला. एकच बोट, एकच तिकीट. जो मजेसाठी बसलाय आणि जो थकून घरी चाललाय, ते दोघे एकाच बाकावर.

आधी जॅकेट, मग सेल्फी

स्वस्त बोट हवी म्हणताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ती विसरल्याची किंमत याच भागाने मोजलीय. १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दिवस गटारी अमावस्येचा, बोट खच्चून भरलेली, पावसाळी समुद्र खवळलेला. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात गिरगाव-परळमधले कितीतरी होते. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि देशाच्या मोठ्या बातमीखाली ही बातमी दबली, पण इथल्या घरांतून ती कित्येक वर्षं बोलली जायची.

ते जुनं झालं म्हणाल, तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीवर शंभरहून अधिक माणसं होती. या अपघातात १५ जणांचा जीव गेला. केरळात तानूरला ७ मे २०२३च्या संध्याकाळी सहलीची बोट उलटून २२ जण बुडाले, त्यात बरीचशी लहान मुलं. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिचीच सहलीची बोट करून टाकली होती. आपल्याकडे वांद्रे-वरळी सी-लिंकजवळ नांगरलेलं एक तरंगतं रेस्टॉरंट मे २०१८मध्ये पाण्याखाली गेलं. सुदैवाने आतली माणसं वाचली.

म्हणून बोट एक तासाची असो की पाच मिनिटांची, गोव्यात असो की गेटवेला, चढण्याआधी चार गोष्टी बघा. किती प्रवाशांची परवानगी आहे ते लिहिलेलं आहे का? प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, आणि ते बाकाखाली कोंबलेलं आहे की हाताशी आहे? अंधार पडल्यावर बोटीवर दिवे आहेत का? वरच्या डेकवर सगळे एकाच बाजूला फोटो काढायला धावले तर कुणी थांबवतंय का? यातलं काही नसेल तर उतरा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. जॅकेट घातल्याने फोटो बिघडतो म्हणणाऱ्या मित्रालाही सांगा, की तो बिघडू दे.

मागायचं काय?

पहिली गोष्ट, पूर्व किनाऱ्याची जमीन मोकळी होईल तेव्हा पाण्याकाठी चालायचा रस्ता सलग आणि बिनतिकिटाचा हवा. काचेच्या टॉवरांच्या मागून वाट काढत पोचावं लागेल असा नको; कॉटन ग्रीन, रे रोड, शिवडी स्टेशनांवर उतरून सरळ चालत पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट, भाऊच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटणारी सार्वजनिक बोट, बसला शोभेल एवढं भाडं, आणि लोकलसारखाच विद्यार्थ्यांना सवलतीचा पास. तिसरी, जी बोट चालेल तिच्यावरची प्रवासीसंख्या आणि जॅकेट रोज तपासणारा माणूस. खासगी डिनर क्रूझ त्याच्या बाजूने खुशाल चालू दे. ज्याला परवडेल तो जाईल.

काही जण म्हणतील, इथे लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कॉलेजची फी भरताना घर मेटाकुटीला येतं, आणि तुम्हाला बोटीत फिरायचंय? ही तक्रार खोटी नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत अभ्यास करणाऱ्या मुलालाच मोकळ्या हवेची सगळ्यात जास्त गरज असते. ज्याच्या घराला समुद्राकडची बाल्कनी आहे, त्याचं बोटीवाचून अडत नाही.

हे मागायला फार मोठं काही करावं लागत नाही. आराखडे जाहीर होतात, हरकती-सूचनांसाठी मुदत असते, आणि ती मुदत बहुतेक वेळा आपल्या परीक्षेच्या धांदलीत निघून जाते. यापुढे ती बघा. आर्किटेक्चरवाल्यांनी नकाशा वाचून द्यावा, लॉवाल्यांनी अर्ज लिहून द्यावा, मास मीडियावाल्यांनी रील करावं. शंभर मुलांच्या सह्यांचं एक पत्र एका मुलाच्या शंभर स्टोरींपेक्षा जास्त काम करतं.

आणि तोवर वाट बघत बसू नका. कॉटन ग्रीनवरून गाडी पकडा, रे रोड सोडून डॉकयार्ड रोडला उतरा आणि चालत भाऊच्या धक्क्यावर जा. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा आणि उरणच्या मोऱ्याची बोट धरा. वाऱ्याला मासळीचा वास असेल, शेजारच्या मावशींच्या रिकाम्या टोपल्या तुमच्या पायाला लागतील, डीजे नसेल. मागे वळून बघितलं की उजेड लागत चाललेली मुंबई पाण्यावरून दिसेल. ती बघून आल्यावर तुम्हाला काय वाटलं, आणि तुमच्या घराजवळचा कुठला किनारा भिंतीआड आहे, ते या पानाला लिहून कळवा.