‘बेस्ट तोट्यात आहे’... बरं, मग पुढे?

कुर्ल्यात कुठेही बसचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बेस्ट तोट्यात आहे, म्हणून कंत्राटदार आणावेच लागणार." ऐकायला एकदम व्यवहारी वाटतं. पण त्या ‘म्हणून’वर जरा थांबा. धंद्याच्या भाषेतली बरीचशी हातचलाखी याच शब्दात लपलेली असते.

पहिला मुद्दा तोट्याचा. याच महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी खर्चून कोस्टल रोड बांधला. त्यावर टोल नाही. त्याला कोणी ‘तोट्यातला रस्ता’ म्हणतं का? गाडीवाल्यासाठी केलेला खर्च म्हणजे विकास आणि बसवाल्यासाठी केलेला खर्च म्हणजे तोटा! मोजपट्टी एकच ठेवा, मग बोलू.

दुसरा मुद्दा, "कंत्राटी बस किलोमीटरमागे स्वस्त पडते." कशाच्या तुलनेत? वेट लीजमध्ये बस, ड्रायव्हर आणि देखभाल कंत्राटदाराची. कंडक्टर बहुतेक ठिकाणी बेस्टचा, डेपोची जागाही बेस्टचीच. उलट बेस्टच्या खर्चात जुन्या कर्मचाऱ्यांची देणीसुद्धा धरलेली. एका पारड्यात अख्खा संसार, दुसऱ्यात फक्त भाजीची पिशवी. मग पिशवी हलकी भरणारच की!

आणि स्वस्त कशामुळे, हेही विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर पगारवाढीसाठी संपावर गेले तेव्हा त्याचं उत्तर मिळालं होतं. त्याआधी २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने मिनीबसच बंद केल्या. धंद्यातली जोखीम खासगी कंपनी घेते म्हणे. इथे जोखीम आली कोणावर? स्टॉपवर ताटकळणाऱ्यांवर.

तिसरा मुद्दा, "प्रवासीच कमी झाले, म्हणून बस कमी केल्या." आधी काय झालं? संध्याकाळी कुर्ला स्टेशनबाहेर बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग बघा. प्रवासी आहेत, बस नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं तेव्हा लोक लगेच बसकडे वळले होते. त्याच वर्षी स्वतःच्या ३,३३७ बस राखायचा करार कामगार संघटनेशी झाला. २०२५ पर्यंत त्यातल्या पावभरही उरल्या नाहीत. दुकानात माल ठेवायचा नाही आणि वर गिऱ्हाईक येत नाही म्हणून ओरडायचं.

चौथा मुद्दा आपल्या कुर्लेकरांच्या जिव्हारी लागणारा. ९ डिसेंबर २०२४ ला एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ नंबरच्या बसने ९ जणांचा जीव घेतला. बस इलेक्ट्रिक, वेट लीजवरची. ड्रायव्हर कंत्राटी. लगेच चर्चा सुरू झाली, चूक ड्रायव्हरची की ब्रेकची? ते कोर्ट ठरवेल. पण या दोन पर्यायांत प्रश्न संपत नाही. १२ मीटरची नवीन बस हातात देण्याआधी किती ट्रेनिंग द्यायचं, कोणी तपासायचं आणि ते न झाल्यास जबाबदार कोण, हा तिसरा प्रश्न आहे. ट्रेनिंगवर वाचवलेला पैसाही त्या ‘स्वस्त’ किलोमीटरमध्येच मोजला जातो.

आता सरळ हिशोब. कंत्राटीकरणाने तोटा आटोक्यात येणार होता ना? मग ९ मे २०२५ पासून किमान भाडं ५ चं १० का झालं? "इतकी वर्षं भाडं वाढलंच नव्हतं," हे उत्तर खरं आहे. पण म्हणजे तोट्याचं कारण भाडं होतं, बसची मालकी नव्हती, असंच ना? दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येणार नाही.

मी खासगीच्या नावाने बोटं मोडत नाही. आकडे नीट मांडून कंत्राट खरंच परवडतं असं कोणी दाखवलं तर जरूर ऐकू. फक्त यापुढे कोणी ‘परवडत नाही’ म्हणालं की तीन गोष्टी विचारा: कोणाला परवडत नाही? कशाच्या तुलनेत? आणि उरलेलं बिल कोण भरतंय?

निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांनाही हेच विचारा. उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा.